हायड्रोजन निघाला, पण काढला कुणी?

तुझा मेसेज काल रात्री वाचला आणि आज सकाळी चहा घेताना परत वाचला. एमएस्सी इनऑरगॅनिकचं शेवटचं वर्ष, घर ऐरोलीत, बाबांच्या ओळखीने रबाळ्याच्या एका कंपनीत क्यूसीमध्ये (मालाच्या तपासणीत) जागा मिळतेय, नेटचा रिझल्ट यायचाय, आणि तुझ्या डोक्यात मात्र हायड्रोजन बसलाय. म्हणजे बॅक्टेरियातल्या एन्झाइमची नक्कल करून कॅटॅलिस्ट (रिअ‍ॅक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ) बनवायचा आणि उजेडाच्या जोरावर हायड्रोजन काढायचा. यात पीएचडी करू का, पुढे अ‍ॅकॅडमिक करिअर आहे का, आणि या लॅबमध्ये लोक दिवसभर नक्की करतात काय, असं तू विचारलंस. मी २००७ मध्ये याच विषयात पीएचडीला लागले, मी ठाण्याची, आता नवी मुंबईत शिकवते आणि छोटी लॅब चालवते. तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण ते कळलं की पहिल्या दोघांचं उत्तर तुझं तुलाच सापडायला लागेल.

ऐरोली ब्रिजवरून ओहोटीच्या वेळी जातोस तेव्हा खाडीचा तो सडक्या अंड्यासारखा वास येतो ना, तिथूनच सुरू करू. लोक नाकाला रुमाल लावतात आणि गटाराला शिव्या देतात, गटाराचं पाणी येतं हे खरंच आहे, पण खारफुटीच्या काळ्या चिखलात ऑक्सिजन नसतो आणि तिथे सल्फेटवर जगणारे बॅक्टेरिया राहतात, त्यांचा पण तो वास आहे. डिसल्फोव्हिब्रिओ हा याच जातीतला. या बॅक्टेरियांकडे हायड्रोजनेज नावाचं एन्झाइम असतं, हे नाव १९३१ मध्ये केंब्रिजला मार्जरी स्टीफन्सन आणि स्टिकलंड यांनी दिलं. दोन प्रोटॉन आणि दोन इलेक्ट्रॉन घेऊन हायड्रोजन बनवायचा किंवा उलटं करायचं, एवढंच याचं काम. आपण हे काम प्लॅटिनमकडून करून घेतो आणि हा चिखलातला जीव लोखंड आणि निकेलवर भागवतो! आणि रेंगाळत नाही, लोखंडाच्या दोन अणूंवालं एन्झाइम असेल तर एकेक रेणू सेकंदाला काही हजार हायड्रोजन बनवून मोकळा होतो.

आत नक्की काय आहे हे कितीतरी वर्षं कुणाला माहीत नव्हतं. १९९५ मध्ये डिसल्फोव्हिब्रिओ गिगासमधल्या निकेल-लोखंडवाल्या हायड्रोजनेजचं स्ट्रक्चर आलं, मग १९९८ आणि १९९९ मध्ये दोन लोखंडवाल्याची आली, आणि सगळे थक्क झाले कारण त्या लोखंडाला चक्क कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइड चिकटलेले होते. तुमच्या-माझ्यासाठी दोन्ही जहाल विष, आणि हा पेशीतच बनवतो आणि कामाला लावतो. गंमत म्हणजे लोखंड, गंधक आणि कार्बन मोनॉक्साइडचं तसंच दिसणारं एक कंपाउंड रायहलेन नावाच्या जर्मन केमिस्टने १९२९ मध्येच बनवून ठेवलेलं होतं. सत्तर वर्षं ते जर्नलमध्ये पडून राहिलं आणि स्ट्रक्चर आल्यावर सगळे हात धुऊन त्याच्या मागे लागले. माझी पीएचडी याच लाटेच्या शेपटाला सुरू झाली.

पण लोखंडाच्या त्या कंपाउंडची हुबेहूब कॉपी केली तरी ती एन्झाइमसारखी पळत नाही, हे लवकरच सगळ्यांना कळलं. दिसणं सारखं असून काय उपयोग, आजूबाजूची व्यवस्था कुठाय? एन्झाइममध्ये धातूच्या अगदी शेजारी एक अमाइन (नायट्रोजनवाला गट) असतं, ते प्रोटॉन हातात धरून उभं राहतं आणि वेळ आली की धातूकडे देतं. अमेरिकेत पॅसिफिक नॉर्थवेस्ट लॅबमध्ये डॅनियल ड्यूबॉइस यांच्या ग्रुपने फक्त ही एक गोष्ट उचलली, निकेल घेतलं, त्याच्याभोवती फॉस्फरसचे लिगंड (धातूला धरून ठेवणारे रेणू) आणि त्यात लटकणारी अमाइन. बाकी एन्झाइमसारखं त्यात काही नाही, लोखंड नाही, सायनाइड नाही. २०११ मध्ये त्यांनी त्याचा स्पीड छापला, सेकंदाला एक लाखाच्या वर. वीज वापरून, अ‍ॅसिटोनायट्राइल नावाच्या सॉल्व्हंटमध्ये, भरपूर अ‍ॅसिड घालून, हे लक्षात ठेव, पण तरीही एक लाख. तेव्हा माझं पीएचडीचं चौथं वर्ष चालू होतं आणि आमच्या लॅबमध्ये त्या पेपरची प्रिंट भिंतीला लावली होती. मला बायो-इन्स्पायर्ड शब्दाचा अर्थ त्या दिवशी कळला. निसर्गाचा फोटो काढून फायदा नाही, त्याची युक्ती कुठली ते ओळखायचं आणि तेवढीच उचलायची.

आणि ती युक्ती खरंच अमाइनचीच आहे का, हे सिद्ध व्हायला २०१३ उजाडलं. स्ट्रक्चरमध्ये दोन लोखंडांवरच्या गंधकांना जोडणारा एक पूल आहे, त्या पुलाच्या मधोमध एक अणू आहे एवढं दिसत होतं, तो कार्बन, नायट्रोजन की ऑक्सिजन हे एक्स-रेवरून नीट सांगता येत नव्हतं, कारण तिघं जवळजवळ सारखेच दिसतात. मग फ्रान्स आणि जर्मनीतल्या ग्रुप्सनी तिन्ही प्रकारची कंपाउंड्स लॅबमध्ये बनवली आणि हिरव्या शेवाळातल्या रिकाम्या एन्झाइममध्ये एकेक करून बसवून बघितली. फक्त अमाइनवालं जिवंत झालं. मी तेव्हा पोस्टडॉक होते, युरोपात. पेपर वाचून मी माझ्या शेजारच्या बेंचवाल्या मुलीला हलवून हलवून दाखवला होता. पंधरा वर्षं लोक वाद घालत होते आणि उत्तर असं मिळालं, तिन्ही बनव आणि चालवून बघ! मला अजूनही हा या विषयातला सगळ्यात सुंदर प्रयोग वाटतो.

आता उजेडाचा भाग. तू टीवायला निकेल एस्टिमेशन केलं असशील, डीएमजी (डायमिथाइलग्लायऑक्झिम) घातलं की तो स्ट्रॉबेरीसारखा लाल साका येतो आणि मग सिंटर्ड क्रुसिबलमध्ये गाळत बसायचं. तेच डीएमजी कोबाल्टला लावलं की कोबालॉक्सिम होतं. साठच्या दशकात श्राउझर यांनी हे व्हिटॅमिन बी-ट्वेल्व्हचं मॉडेल म्हणून बनवलं, आणि १९८६ मध्ये कॉनोली आणि एस्पेन्सन यांनी दाखवलं की ते अ‍ॅसिडमधून हायड्रोजन काढतं. माझ्या लॅबमध्ये येणारा प्रत्येक नवा मुलगा-मुलगी पहिल्या महिन्यात हेच करतात. कोबालॉक्सिम, इओसिन वाय नावाचा रंग (हो, तोच जो हिस्टॉलॉजीवाले स्लाइडला लावतात) आणि ट्रायइथेनॉलअमाइन, आम्ही त्याला टीईओए म्हणतो. रंगावर उजेड पडला की तो चेकाळतो, टीईओए त्याला इलेक्ट्रॉन देतं, तो पुढे कोबाल्टला देतो, कोबाल्टचा चार्ज तीनवरून दोनवर, दोनवरून एकवर येतो, मग कोबाल्ट एक प्रोटॉन उचलतो, हायड्राइड (धातूला चिकटलेला हायड्रोजन) बनतं, आणि पुढे हायड्रोजन. ही तीन पात्रांची मांडणी १९७७ मध्ये लेन आणि सोवाज यांनी बसवली, रुथेनियमचा रंग आणि ऱ्होडियमचा कॅटॅलिस्ट घेऊन. दोघांनाही पुढे नोबेल मिळालं, अर्थात वेगळ्या कामासाठी.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगते कारण ती कॉन्फरन्सच्या स्लाइडवर नेहमी दाबली जाते आणि मला ते बोचतं. याला पाण्याचं विभाजन म्हणायचं नाही. इलेक्ट्रॉन पाण्याकडून येत नाहीत, टीईओएकडून येतात, आणि टीईओए जळून संपतं. आपण हायड्रोजन मिळवण्यासाठी एक महागडं केमिकल खर्च करतोय. कॅटॅलिस्टचा अभ्यास करायला हे एकदम योग्य आहे, अर्धी रिअ‍ॅक्शन वेगळी काढून नीट बघता येते, पण इंटरव्ह्यूमध्ये कुणी विचारलं तर 'पाण्यातून हायड्रोजन काढतो' असं ठोकून देऊ नकोस. खरं पाणी तोडायचं तर दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन निघायला हवा आणि ती बाजू फार अवघड आहे. १९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा यांनी टायटॅनियम डायऑक्साइडवर ते दाखवलं पण त्याला अल्ट्राव्हायोलेट लागतो आणि उन्हात तो थोडासाच असतो.

बरं, दिवसभर काय करतात. सकाळी येऊन आधी आर्गॉनच्या सिलिंडरचं प्रेशर बघायचं, कारण शनिवारी संपला तर सोमवारपर्यंत हात बांधलेले. मग श्लेंक लाइनवर (हवा ओढून आर्गॉन भरायची काचेच्या नळ्यांची मांडणी) सोल्यूशन गोठवायचं, हवा ओढायची, वितळवायचं, असं तीन वेळा, म्हणजे विरघळलेला ऑक्सिजन निघून जातो. मग व्हायलमध्ये दोन-तीन मिली, वर रबराचं सेप्टम, आणि निळ्या किंवा हिरव्या एलईडीसमोर ठेवायचं. दर अर्ध्या तासाने गॅसटाइट सिरिंजने वरच्या मोकळ्या जागेतला शंभर मायक्रोलिटर गॅस काढून जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफ, गॅस वेगळे करून मोजणारं यंत्र) मारायचा. जीसीला कॅरियर गॅस आर्गॉन लावायचा, हेलियम नाही, कारण टीसीडी डिटेक्टर उष्णता किती वाहून जाते यावर चालतो आणि हेलियम आणि हायड्रोजन त्या बाबतीत जवळजवळ सख्खे भाऊ, पीक दिसतच नाही नीट. मॉलिक्युलर सीव्हच्या कॉलमवर सगळ्यात आधी हायड्रोजन येतो, मग ऑक्सिजन, मग नायट्रोजन. नवीन मुलं हायड्रोजनचं पीक बघून उड्या मारतात, मी आधी नायट्रोजन बघते. नायट्रोजन वाढत चालला असेल तर सेप्टम गळतंय, हवा आत येतेय, आणि ते अख्खं रीडिंग कचऱ्यात. जुलैमध्ये तर विचारूच नकोस, सॅम्पल तपासायला लागणारी केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडची) पेलेट दाबता दाबता ओली होते, आणि रात्री तीनला एकदा लाइट गेली की चोवीस तासांचं रन गेलं.

आता माझ्यासोबत झालेलं सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्यातच आहे.

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी एक निकेल-थायोलेट (निकेलला गंधक जोडलेलं) कंपाउंड बनवलं होतं. गर्द तपकिरी क्रिस्टल्स, स्ट्रक्चर सुटलं, एनएमआर स्वच्छ, आणि उजेडाखाली ठेवलं की भरभरून हायड्रोजन. आठ महिने मी त्याच्यावर काम केलं. अंधारातलं कंट्रोल केलं, शून्य. रंग न घालता केलं, शून्य. टीईओए न घालता, शून्य. कॅटॅलिस्ट न घालता, जवळजवळ शून्य. सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं. पेपरचा ड्राफ्ट तयार होता. फक्त एक होतं, पहिला अर्धा-पाऊण तास काहीच निघायचं नाही आणि मग एकदम वेग यायचा, आणि मी त्याला 'इंडक्शन पीरियड' असं नाव देऊन मोकळी झाले होते. सरांनी ड्राफ्ट वाचला, त्या एका ओळीवर पेन्सिलने गोल केला आणि म्हणाले, रन झालेली एक व्हायल आण. व्हायल उजेडाकडे धरली तर आतल्या काचेवर एक करडी साय. धुतल्यावर पण ती जात नव्हती, मला वाटायचं काच जुनी झाली. सर म्हणाले हीच व्हायल पाण्याने, मेथॅनॉलने धू, आणि आता नवीन सोल्यूशन भर, रंग घाल, टीईओए घाल, तुझं कंपाउंड घालू नको.

मी भरलं, लाइटखाली ठेवलं, जीसी मारली. तेवढाच हायड्रोजन. आणि या वेळी थांबायला पण लागलं नाही, पहिल्या मिनिटापासून सुरू.

म्हणजे माझं सुंदर कंपाउंड पहिल्या अर्ध्या तासात मरत होतं, त्यातून निकेलचे बारीक कण पडत होते आणि काम ते कण करत होते. आठ महिने मी ज्याचं स्ट्रक्चर काढत बसले होते त्याचा त्या हायड्रोजनशी काही संबंध नव्हता. त्या संध्याकाळी ठाणे स्टेशनवर उतरून मी दोन नंबर प्लॅटफॉर्मच्या बाकड्यावर बराच वेळ बसून राहिले होते, घरी जाऊन आईला काय सांगायचं कळेना. दुसऱ्या दिवशी सरांनी विचारलं, तुला वाईट कशाचं वाटतंय, कंपाउंड मेल्याचं की ते मरतं हे तुला माहीत नव्हतं याचं? मी म्हटलं दुसऱ्याचं. ते म्हणाले मग आता ते कसं मरतं ते शोध. पुढचं दीड वर्ष मी तेच केलं. कुठला बॉंड आधी तुटतो, अ‍ॅसिड कमी केलं तर किती टिकतं, लिगंड जास्तीचा घातला तर परत जोडला जातो का. थीसिसमधलं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच झालं, आणि मला पोस्टडॉकही त्यावरच मिळाला, ज्या प्रोफेसरांना मी मेल केली त्यांनी बाकी काही विचारलंच नाही, व्हायल धुण्याचा किस्सा तेवढा विचारला.

तेव्हापासून दुधाने तोंड पोळलेल्या माणसासारखी मी ताकही फुंकून पिते. माझ्या लॅबमध्ये नियम आहे, हायड्रोजन निघाला हे सांगायला केबिनमध्ये यायचं नाही, तो कुणी काढला हे सांगायला यायचं. व्हायल धुऊन परत भरायची, लिगंडशिवाय नुसतं धातूचं मीठ घालून बघायचं, पारा घालून ढवळायचं म्हणजे धातूचे कण असतील तर पारा त्यांना गप्प करतो (हे सगळ्या धातूंना सारखं लागू पडत नाही, त्यामुळे एकट्या पाऱ्याच्या टेस्टवर विसंबू नको, आणि पारा सिंकमध्ये ओतू नको), डीएलएसमध्ये (उजेड कसा विखुरतो त्यावरून कण ओळखणारं तंत्र) कण दिसतात का ते बघायचं, जड पाणी वापरून हायड्रोजन नक्की कुठल्या प्रोटॉनचा आहे ते तपासायचं. हे सगळं कंटाळवाणं वाटतं ऐकायला. पण खरं सांगते, या विषयाचं नव्वद टक्के काम हेच आहे, आणि तुला हे वाचताना कंटाळा आला असेल तर तो आत्ताच ओळख. याउलट 'अरे, मग त्या मीठवाल्या व्हायलमध्ये किती आला?' असं तुझ्या मनात आलं असेल तर तू आमच्यातला आहेस.

पेपर वाचताना पण हीच नजर ठेव. टीओएन म्हणजे कॅटॅलिस्टच्या एका रेणूने किती हायड्रोजन काढले तो आकडा, हेडिंगमध्ये तोच मोठ्ठा लिहिलेला असतो. पण कॅटॅलिस्ट जितका कमी घालशील तितका हा आकडा फुगतो, कारण भागाकाराच्या खाली तोच बसतो. म्हणून आधी एकूण किती मायक्रोमोल हायड्रोजन निघाला ते बघ आणि कॅटॅलिस्ट न घालता किती निघत होता ते बघ. दोन्ही जवळजवळ असतील तर लाखाच्या टीओएनला काही अर्थ नाही. मोठा आकडा म्हणजे खोटा असंही नाही हं. २०१२ मध्ये रोचेस्टरच्या ग्रुपने कॅडमियम सेलेनाइडचे नॅनोक्रिस्टल आणि निकेल घेऊन सहा लाखांच्या वर टीओएन दाखवला, तो पण पाण्यात आणि पंधरा दिवस चालवून. तो पेपर मी दरवर्षी शिकवते, कारण सिस्टिम किती तास टिकली हे त्यांनी ठसठशीत लिहिलंय. आणि क्वांटम यील्ड (शोषलेल्या उजेडापैकी किती कामी आला तो आकडा) लिहिताना टीईओएची एक भानगड लक्षात ठेव, त्यातून एक इलेक्ट्रॉन गेल्यावर जो रॅडिकल उरतो तो स्वतःच दुसरा इलेक्ट्रॉन देऊन टाकतो, उजेड न घेता. म्हणजे एका फोटॉनमागे दोन इलेक्ट्रॉन मिळू शकतात आणि हिशोब चुकला की यील्ड दुप्पट दिसतं.

आता करिअर. नेट-जेआरएफ, म्हणजे पीएचडीची सरकारी फेलोशिप, निघाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० आणि पुढे एसआरएफचे ४२,००० मिळतात, जानेवारी २०२३ पासून हे दर आहेत, वर एचआरए. आमच्या वेळेपेक्षा खूपच बरं. ऐरोलीत घर असेल तर पोटापुरतं होतं, घरी फार काही देता येणार नाही. पीएचडीला पाच वर्षं धर, मग पोस्टडॉक दोन ते चार वर्षं, तो शक्यतो बाहेर, आणि मग परत येऊन अर्ज करत बसायचं. हे बसणं सगळ्यात कठीण. मी परत आले तेव्हा सव्वा वर्ष नोकरी नव्हती, एका ठिकाणी इंटरव्ह्यू झाला, चांगला झाला असं मला वाटलं, नंतर चौदा महिने होकार नाही, नकार नाही, फोन केला की 'प्रोसेसमध्ये आहे'. त्या काळात मी ठाण्यात बीएस्सीच्या मुलांच्या शिकवण्या घेतल्या. लाज वाटण्यासारखं त्यात काही नव्हतं पण तेव्हा वाटायची. पस्तिशी जवळ आलेली असते, मित्रमैत्रिणींची ठाण्यात, घोडबंदरला घरं झालेली असतात, आणि आपण अजून सीव्ही पाठवतोय. हे तुझ्या बाबांना माहीत असेल किंवा नसेल पण त्यांच्या पोटात जो गोळा येतोय तो यासाठीच येतोय, त्यामुळे 'हातचं सोडून पळत्याच्या पाठी' म्हणाले तर चिडू नकोस.

आणि ग्रीन हायड्रोजनची हवा आहे म्हणून या विषयात येणार असशील तर आकडे बघून ये. नॅशनल ग्रीन हायड्रोजन मिशन जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालं, १९,७४४ कोटींचं, २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं टार्गेट. त्यातले १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझर (विजेने पाणी तोडणारं यंत्र) बनवायला आणि हायड्रोजन उत्पादनाला इन्सेंटिव्ह म्हणून आहेत, रिसर्चला ४०० कोटी, आणि त्या चारशेत सगळे आले, साठवण, पाइप, सेफ्टी, सगळे. यात चूक काही नाही. आज कुणाला खरोखर उन्हातून हायड्रोजन हवा असेल तर छपरावर सोलर पॅनल आणि खाली इलेक्ट्रोलायझर, हाच रस्ता आहे, आणि आपल्या व्हायलमधला रेणू त्याच्या आसपासही नाही. आत्ता आपल्याकडे खतवाले आणि रिफायनरीवाले वापरतात तो हायड्रोजन बहुतेक नैसर्गिक वायूपासूनच बनतो. कुणी गाइड तुला सांगत असेल की पाच वर्षांत आपला कॅटॅलिस्ट तळोज्याच्या प्लांटमध्ये जाईल तर त्या गाइडकडे जाऊ नकोस.

मग मी हे का करते? कारण प्रश्न अजून सुटलेला नाही आणि तो माझ्या डोक्यातून जात नाही. चिखलातला बॅक्टेरिया लोखंडावर जे करतो ते आपल्याला टिकाऊपणे करता येत नाही. वेग आपण गाठला, २०११ मध्येच. टिकण्यात मार खातो. आणि मजा अशी की निसर्गातलेही कॅटॅलिस्ट टिकत नाहीत! झाडाच्या पानात पाणी तोडणारं जे यंत्र आहे, फोटोसिस्टिम दोन, त्यातलं डी-वन नावाचं प्रोटीन भर उन्हात साधारण दर अर्ध्या तासाने काढून नवीन बसवलं जातं. झाड दिवसभर डागडुजी करत असतं. पानाकडे मेकॅनिक आहे, माझ्या व्हायलमध्ये नाही. म्हणून गेली काही वर्षं मी मरणारा रेणू वाचवायच्या मागे न लागता तो मेल्यावर तिथल्या तिथे परत जोडला कसा जाईल यावर काम करतेय, कोबाल्ट सुटला तर आजूबाजूला फिरणारं जास्तीचं डीएमजी त्याला परत धरेल का, किती वेळा धरेल. थोडंफार जमतं. चोवीस तासांचं रन छत्तीस तासांवर गेलं तेव्हा माझ्या स्टुडंटने लॅबमध्ये पेढे आणले होते.

आपल्याकडे चांगले ग्रुप आहेत, बाहेरच जायला हवं असं नाही. तुझ्या घरापासून तासाभरावर पवईच्या आयआयटीत अर्णब दत्ता यांचं काम बघ, धातूभोवती अमिनो अ‍ॅसिड लावून प्रोटॉनची ने-आण सुधारायची, ड्यूबॉइसच्या लटकत्या अमाइनचीच पुढची पायरी. कोलकात्याला आयएसीएसमध्ये अभिषेक दे यांचा ग्रुप हायड्रोजनेजच्या मॉडेल्सवर काम करतो. पेपर वाच, मग मेल कर, 'रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम इंटरेस्टेड' एवढंच लिहू नकोस, त्यांच्या पेपरमधल्या एका कंट्रोलबद्दल प्रश्न विचार. आणि गाइडला भेटलास की बाकी सगळं सोड, एवढं विचार की तुमच्या सिस्टिममध्ये ब्लँक, म्हणजे कॅटॅलिस्ट न घालता हायड्रोजन, किती येतो. लगेच आकडा सांगितला तर चांगली लॅब. मग बाहेर येऊन सीनियर स्टुडंटला विचार की थीसिस किती वर्षांत झाला आणि चुकलेलं रीडिंग दाखवायला भीती वाटते का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी ती व्हायल सरांपासून लपवली असती तर तो पेपर छापला गेला असता.

राहिली रबाळ्याची नोकरी. जेआरएफ निघाली तर सरळ पीएचडीला ये, वय आणि उमेद दोन्ही आहे. नाही निघाली तर ती नोकरी घे आणि पुढच्या सायकलला परत दे, घरी बसून तयारी करू नकोस. क्यूसीचं वर्ष अजिबात वाया जात नाही. माझ्याकडे एक मुलगी महापेच्या फार्मा कंपनीत दोन वर्षं काढून आली, पहिल्या आठवड्यात तिने आमच्या जीसीचं कॅलिब्रेशन नव्याने करून घेतलं कारण आमचा कर्व्ह तीन पॉइंटचा होता आणि तिला तो चालत नव्हता. लॉगबुक कसं लिहायचं हे तिच्याकडून सगळी लॅब शिकली. बाबांना हे पण सांग, आणि पाहिजे तर मला फोन करायला सांग, मी बोलेन त्यांच्याशी.

येत्या शनिवारी लॅब उघडी आहे, जमलं तर दहापर्यंत ये. सहा व्हायल लाइटखाली लावून ठेवते, सगळ्यांचा रंग सारखाच केशरी दिसेल, लेबलवर फक्त १ ते ६ आकडे. एकीत कोबालॉक्सिम आहे, एकीत नुसतं कोबाल्टचं मीठ, एकीत काहीच नाही, आणि बाकी तीन मी सांगणार नाही. दुपारपर्यंत जीसी तू चालव आणि जेवायच्या आधी मला सांग कुठल्या व्हायलमधला हायड्रोजन कुणाचा आहे.